गॅस कुठला?

आमच्या लोणी काळभोरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. सोलापूर रस्त्यावर टँकरची ये-जा रोजचीच, त्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. पण आईस्क्रीमच्या दुकानात नवा डीप फ्रीजर लावताना आत 'आर-२९०' आहे, म्हणजे पेट घेणारा प्रोपेन, असं सांगितलं की मालक दोन पावलं मागे सरतो. मग त्याला हिशेब सांगावा लागतो. घरच्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. प्रोपेनच्या दीड टनी एसीत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, फ्रीजरात त्याहून बराच कमी.

दुसरा हिशेब मोठा आहे. कोल्ड रूमच्या मशीनमधला आर-४०४ए एक किलो गळला, तर तापमानवाढीला तो सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो. प्रोपेन जेमतेम तीन किलोइतका. किगालीच्या २०१६ च्या करारानुसार असले जड वायू भारतालाही २०२८ पासून आवरायचे आहेत. गोदरेजने शिरवळच्या कारखान्यात प्रोपेनचे एसी २०१२ च्या सुमारासच काढले होते, म्हणजे हे काही परग्रहावरचं तंत्र नव्हे.

आणि अमोनिया तर बर्फाच्या कारखान्यांत, डेअऱ्यांत आमच्या वाडवडलांपासून आहे. तापमानवाढीत त्याचा वाटा शून्य. विषारी आहे, पण लपून राहत नाही: गळला की नाक आधी बोलतं. नेमकी जागा शोधायला गंधकाची कांडी पेटवून पाइपच्या सांध्यांजवळून फिरवायची. गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. जुन्या एसीतला आर-२२ मात्र गुपचूप जातो. वास नाही, रंग नाही. 'थंड कमी होतंय, थोडा गॅस मारा' म्हणत दर उन्हाळ्यात भरून घेणारे पुष्कळ, आणि गळती न शोधता भरून देणारे आम्हा मेकॅनिकांतलेही पुष्कळ. हवेत गेलेल्या गॅसचं बिल कुणालाच येत नाही ना!

प्रोपेनमध्ये ही चालढकल खपत नाही. दुरुस्तीला बसलं की आधी शटर पूर्ण वर, आसपासची शेगडी बंद. आतला गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडायचा, मग लाइनमधून नायट्रोजन फिरवायचा, पाइप कटरने कापायचा. पाइप जोडायची टॉर्च त्यानंतरच पेटवायची. व्हॅक्यूम नीट बसला की गॅस काट्यावर तोलून भरायचा. एकूण माल इतका थोडा की दहा-वीस ग्रॅमची चूकही कूलिंगमध्ये दिसते. अंदाजाने भरणाऱ्या हाताला ही शिस्त जड जाते. मला ती आवडते.

जुन्या आर-२२ च्या एसीत प्रोपेन भरून स्वस्तात 'पर्यावरणपूरक' करून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना मशीनला हात लावू देऊ नका. त्यातले रिले आणि स्विच पेट घेणारा गॅस गृहीत धरून बनवलेलेच नसतात. नवं मशीन घेताना मागची प्लेट वाचा, गॅस कुठला ते पाहा. दुरुस्तीला येणाऱ्याकडे वजनकाटा आणि नायट्रोजन आहे का, तेही दारातच विचारा.