घरी फ्लाय बांधताय? आधी शिशाची तार बाजूला ठेवा

उल्हास नदीवर गळ टाकून बसणारी माणसं बदलापूरकरांना नवी नाहीत. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची आणि वाट बघायची, एवढंच त्यांचं शास्त्र. पण अलीकडे खरवईतले माझे काही पेशंट एका वेगळ्या नादाला लागले आहेत. गळावर पिसं, दोरा, चकचकीत जर गुंडाळून ते खोटा किडा बनवतात. याला 'फ्लाय' म्हणतात. व्हिडिओ बघून शिकतात आणि मग मला विचारतात, "डॉक्टर, छंद चांगला आहे ना?"

छंद उत्तम आहे. बोटं चालतात, मन एका जागी बसतं, तासभर मोबाईल हातात येत नाही. मी स्वतः रविवारी दुपारी दोन-चार बांधतो. मासे किती मिळतात ते विचारू नका. प्रश्न छंदाचा नाही, तुमच्या डब्यात काय सामान आहे याचा आहे.

फ्लाय पाण्यात खाली जायला हवी असेल तर तिला वजन द्यावं लागतं. त्यासाठी गळाच्या दांडीवर आधी शिशाची बारीक तार गुंडाळतात आणि वरून दोरा चढवतात. शिसं जड, स्वस्त आणि मऊ. इतकं मऊ की कात्री शोधायच्या ऐवजी लोक ते सरळ दाताने तोडतात.

माझे एक निवृत्त पेशंट हेच करत. जेवणाच्या टेबलावर काम, मांडीवर तीन वर्षांचा नातू. आजोबा तार तोडत, त्याच हाताने नातवाला बिस्किट देत. पोरगं फिकट दिसत होतं, भूक कमी होती. रक्तात लोह कमी निघालं, तेव्हा मी शिशाचीही तपासणी करायला सांगितली. ते एका डेसिलिटरला 7 मायक्रोग्रॅम निघालं. 5 किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सगळा दोष त्या तारेचाच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जुना रंग, भेसळीची हळद यांतूनही शिसं येतं. पण तार घराबाहेर गेली, टेबल ओल्या फडक्याने पुसलं जाऊ लागलं, लोहाचं औषध सुरू झालं आणि तीन महिन्यांनी आकडा 4 वर आला.

मोठ्या माणसाच्या पोटात शिसं गेलं तर त्याचा थोडा भाग शरीरात शोषला जातो. लहान मुलाच्या बाबतीत हेच प्रमाण चार-पाच पट होतं, आणि लोह कमी असेल तर आणखी वाढतं. शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं, शिवाय हाडांत साठून राहतं. शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच नाही. लक्षणं बहुतेक वेळा दिसत नाहीत, म्हणून आईवडिलांच्या लक्षातही येत नाही. आणि हो, वजनं घरी ओतायची म्हणून गॅसवर शिसं वितळवणारेही मला भेटले आहेत. हे अजिबात करू नका. तो धूर आणि ती भुकटी स्वयंपाकघरातच बसते.

पर्याय सोपा आहे. तांब्याची बारीक तार घ्या. जुन्या मोटारीच्या वाइंडिंगची चालते. शिशाची घनता 11.3, तांब्याची 8.9. म्हणजे चार वेढे जास्त द्या, झालं. पितळी मणी चालतात. खिसा सैल सोडायची तयारी असेल तर टंगस्टनचे मणी घ्या, ते 19.3 घनतेचे, शिशापेक्षाही जड. ब्रिटनमध्ये मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री 1987 पासूनच बंद आहे, कारण ती गिळून राजहंस मरत होते. हंसांसाठी जे झालं ते नातवंडांसाठी करायला आपल्याला कायद्याची वाट बघायला नको.

आता पिसं. गावठी कोंबड्याच्या मानेची लांब, चमकदार पिसं सर्वांत चांगली, आणि चिकनवाल्याकडे ती फुकट मिळतात. पण ती कच्ची असतात. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, बंद पिशवीत ठेवा आणि हात धुवा. आसपास बर्ड फ्लूची बातमी असेल तर पिसं आणूच नका. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात तो आला होता. कीड लागू नये म्हणून डब्यात डांबरगोळ्या टाकायची पद्धत आहे, तीही सोडा. मुलं त्या गोळी समजून तोंडात घालतात, आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे पिवळसर ठिपके असतात. त्या पिसांसाठी परदेशी फ्लायवाले एकेकाळी वेडे होते आणि आपल्याकडून ती भरपूर बाहेर जात. तो पक्षी आता संरक्षित आहे. कुणी "असली माल" म्हणून दाखवलाच तर हात लावू नका.

राहिला गळ. त्याच्या टोकाजवळ जो उलटा दात असतो, त्यामुळे रुतलेला गळ मागे ओढला की मांस फाटतं. म्हणून बांधायला बसण्याआधीच, चष्मा लावून, चपट्या पकडीने तो दात दाबून सपाट करा. आधीच का, तर दाबताना एखादा गळ मोडतो आणि मग बांधणीची मेहनत वाया जाते. चाळिशीनंतर जवळचं दिसत नसेल तर अंदाजाने बांधू नका, नंबर काढून घ्या.

दातासकट गळ बोटात रुतलाच तर ओढाओढ न करता दवाखान्यात या, बधिर करून दोन मिनिटांत निघतो. डोळ्याला लागला तर काढायचा प्रयत्नच नको. डोळ्यावर कागदी पेला उलटा ठेवून हलकेच चिकटवा, डोळा दाबू नका आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी लागत नाही. आधीचे डोस पूर्ण असतील तर मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली आहेत का, एवढंच बघतात. ती तारीख घरच्या फाईलमध्ये लिहून ठेवा. मी विचारतो तेव्हा ती दहापैकी नऊ जणांना आठवत नाही.