बोटांआडचा उजेड

महाळुंगे म्हणजे बालेवाडीचं नव्हे, आमचं चाकणजवळचं महाळुंगे इंगळे. इथे फुलांची आठवण व्हावी असं रस्त्यावर काही नाही. कंटेनर, धूळ, शिफ्ट सुटल्याची गर्दी. पण याच रस्त्यानं सरळ गेलं की तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क लागतं, आणि पुढे मावळात जागोजाग पॉलिहाऊसचे पांढुरके कागद ताणलेले दिसतात. १४ फेब्रुवारीच्या आधी तिथला डच गुलाब परदेशी निघतो. दांडी आखूड पडलेला, पाकळीला डाग लागलेला माल मागे राहतो. मला तोच मानवतो. पुष्परचना करताना त्याच्यावर हात चालवायला भीती वाटत नाही.

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात १९७६ पासून वसंतात एक उत्सव भरतो. चित्रांच्या, शिल्पांच्या शेजारी त्यांच्यावरून सुचलेल्या पुष्परचना मांडतात. कल्पना सुंदर, पण निळ्या चित्राला निळी फुलं लावून मोकळं होणं म्हणजे साडीवर मॅचिंग ब्लाऊजपीस शोधणं. चित्राचा रंग घेऊन काय करायचं? त्याची खोडी घ्यावी.

सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. १९४५-४६ च्या सुमाराचं. लोक खुशाल ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. सावंतवाडीकडच्या हळदणकरांसाठी त्यांची मुलगी गीता हातात दिवा धरून उभी राहिली. माध्यम जलरंग. त्यात उजेड मागाहून चढवता येत नाही, कागद कोरा ठेवून तो आधीपासून राखावा लागतो. आणि इतकं करून हळदणकरांनी ज्योत दाखवलीच नाही! ती तळव्याआड. आपल्याला दिसतात ती आतून तांबूस झालेली बोटं, आणि उजळलेला चेहरा.

म्हणजे रचनेतलं सगळ्यात झगझगीत फूल लपवायचं. फुलवाल्याच्या धंद्याच्या अगदी उलट.

पितळी तांब्यात केशरी जरबेरा मधोमध घेतला. याची दांडी पोकळ, लवदार. पाणी जास्त झालं की कुजते, म्हणून तांब्यात पाणी बोटभरच. त्याच्यापुढे गुलछडीच्या काड्या, न उमललेल्या. या कळ्या नीट बघाव्यात. पांढऱ्या म्हणतो आपण, पण टोकाशी गुलाबी झाक असते, आणि लांबटपणा थेट बोटांचा. मागे सावलीसाठी जांभळीची जून पानं. खिडकीतून ऊन आलं तेव्हा कळ्यांच्या फटींतून केशरी रंग असा काही झिरपला, की मी चहा विसरले.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, ‘‘अगं, एवढं चांगलं फूल आत का कोंबलंस?’’ चित्र मोबाईलवर दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, ‘‘वाऱ्यानं विझेल म्हणून धरलाय हात.’’ समीक्षकांनी याहून जास्त काय सांगितलं असतं?

दुसऱ्या दिवशी गुलछडी खालून वर उमलत गेली. बोटं पसरली आणि जरबेरा पार दिसेनासा झाला. घरभर वास मात्र असा, की चित्राचा विषयच बदलला. हळदणकरांच्या गीतेला कागदावर हात हलवायची मुभा नव्हती. माझ्या कळ्यांनी ती घेतली.

आता पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वज्री मनात आहे. खाली खरखरीत, वर नक्षी. टाचा घासायच्या वस्तूला गुलाब शोभायचा नाही. कोंबड्याचं फूल चालेल बहुधा, तेही जरा जून झालेलं.