तात्यापाऱ्यातली मे महिन्याची सुट्टी

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून जी.ई. रोडने निघाले की शारदा चौकानंतर तात्यापारा लागतो. 'पारा' म्हणजे छत्तीसगढीत आळी. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात हा मुलूख घेतला, त्यांच्यामागे मराठी घरे आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, शाळेत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी ही कसरत इथली मुले सहज करतात.

मे महिन्यात पारा चढतो तो वेगळा! पूर्वी या दिवसांत मुले नागपूर-पुण्याला मामाकडे जात. आता दहावीचा शेवटचा पेपर होतो न होतो तोच क्लास सुरू. गंमत अशी, की याच रस्त्यावर, सायकलच्या टप्प्यात, विज्ञान महाविद्यालय, एनआयटी आणि १९६४ साली स्थापन झालेले पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. प्रयोगशाळांची कमतरता नाही. शाळकरी मुलाला त्यांच्या फाटकातून आत नेणारी वाट तेवढी अरुंद.

ही वाट कशी असावी, हे पुण्याच्या 'आयुका'ने दाखवले. डॉ. जयंत नारळीकर हे १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक. तिथे आठवी ते दहावीची मुले उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतात. ठरीव अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. ग्रंथालय खुले आणि शेवटी केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा. पण ही मुले पुण्यातल्या शाळांमार्फत येतात. तात्यापाऱ्यातल्या भाच्याला पुण्याचा मामा इथे उपयोगी पडत नाही.

केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेत अकरावीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी पाच दिवसांची शिबिरे आखली गेली, पण अट दहावीला सर्वांत वरच्या १ टक्क्यात असण्याची. १९९९ची किशोर वैज्ञानिक योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली.

मग परदेशी जाहिरातींकडे लक्ष जाते. अमेरिकेत एमआयटीमध्ये भरणाऱ्या, १९८४ साली सुरू झालेल्या सहा आठवड्यांच्या संशोधन शिबिराला शिकवणी-फी नाही. निवड मात्र अतिशय कडक. याउलट अनेक शिबिरे विद्यापीठाच्या आवारात भरतात आणि भरपूर डॉलर घेतात. आईवडिलांनी दागिने मोडण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: मार्गदर्शक कोण, आणि मूल स्वतःच्या हाताने काय करणार?

जवळच्याच बूढापाऱ्यात १८७७ साली कोलकात्याहून चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद, आईवडिलांबरोबर राहायला आला. सोयीची शाळा नव्हती. वडील घरीच शिकवत आणि घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत त्याला बसवून घेत.