खडखड

दिवाळीत अकोटला गेलो की बाबा जिप्सीची किल्ली माझ्या हातात देतात. यंदा दिली नाही. म्हणाले, "इकून टाकू आता. लय खडखडते."

तर मंडळी, ही गाडी २००४ ची. पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर पुन्हा एकदा आरटीओत नेऊन पासिंग करून आणलेली. पोपटखेड रस्त्यावरच्या संत्र्याच्या बागेत बाबा अजून हिच्यातूनच जातात. ते गाडी विकायचं म्हणतात म्हणजे त्यांनी हात टेकले. मला ते काही बरं वाटलं नाही.

मी चक्कर मारली. गतिरोधकावर खालून खट् खट्, आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ताही लाटालाटांचा. म्हणजे खट् खट् अखंड चालू! उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने चारही शॉकअप बदलले होते. आवाज तसाच. (हसू नका. बग सापडला नाही की आपणही सर्व्हर रीस्टार्ट करतोच ना?)

मग गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने बंपरचा एक कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. "शॉकप चांगले हायेत भाऊ. काहून पैसे घातले?" मग खाली शिरून त्याने पाट्याच्या टोकाशी सब्बल घातली आणि हळूच उचकली. पाटा खट्कन सरकला. तोच आवाज!

जिप्सीला चारही चाकांवर पाटे आहेत. पाट्याचं एक टोक चॅसीला पक्कं, दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर. कारण वजन पडून पाटा सपाट झाला की त्याची लांबी वाढते, तिला सरकायला जागा लागते. या सांध्यांत रबरी बुश असतात. एका पाट्याला तीन जागा, म्हणजे गाडीत बारा. रबर गेलं की लोखंडावर लोखंड आपटतं, आणि ॲक्सल जागचा हलला की ब्रेक मारताना गाडी ओढते. गुडघ्याची गादी झिजते ना, अगदी तस्संच.

चॅसीखाली घोड्या लावल्या (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीही शिरू नका), गंजलेले बोल्ट ठोकून काढले. बुश बाहेर आले ते झिजलेलेच नव्हते, फुगून चिकट झाले होते. मिस्त्रीने बोटं हुंगली. "काका, जळकं तेल मारत होते काय पाट्याले?"

बाबा गप्प.

दरवर्षी पावसाळ्यानंतर कुरकुर थांबावी, गंज चढू नये म्हणून बाबा पाट्यांवर इंजिनचं जळकं तेल सोडायचे. डबा धरायला मी. आमच्या घरातला तो सणच होता म्हणा ना! लोखंडाला ते मानवत होतं, पण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. म्हणजे जी सेवा आम्ही इतकी वर्षं केली, तिनेच सांधे खाल्ले. बाबांना काय बोलावं, सुचेना. शेवटी म्हणालो, "डबा तर मीच धरत होतो."

नवे बुश साबणाच्या पाण्यावर बसले. मी उत्साहात नट आवळायला लागलो, तर मिस्त्री ओरडला, "थांब ना बाप्पा! गाडी आधी पायावर येऊ दे." चाकं अधांतरी असताना आवळलं तर रबर त्याच कोनात घट्ट होतं. मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून नट आधी नुसते लावायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, दोनचारदा हलवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. हे मला माहीत नव्हतं.

चारही शॉकअपच्या मानाने बुशांचा खर्च चिल्लर. असो.

संध्याकाळी नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूरपर्यंत जाऊन आलो. बाबा शेजारी बसले होते. प्रत्येक गतिरोधकावर कान टवकारत होते. परत येताना म्हणाले, "आता मी चालवतो."

गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. जळक्या तेलाचा डबाही अंगणातून गेलाय. कुठे गेला, ते मी विचारलं नाही.