राजा नेमका केव्हा गेला?

वार्षिक अंकासाठी सुलतान बाजारातील एखादी जुनी आठवण लिहून द्यावी, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा आम्हांस १७ सप्टेंबर १९४८ ची संध्याकाळ सोडून दुसरे काही सुचेना. आमचे वय तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. नवव्या वर्षी पाहिलेले सारेच नीट ध्यानात राहते असे नाही. परंतु त्या संध्याकाळचा एक प्रसंग विसरू म्हटले तरी विसरता आलेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, त्या काळी आपले हैदराबाद हे एक निराळेच राज्य होते. भारत स्वतंत्र होऊन तेरा महिने लोटले होते, तरी येथे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे राज्य १९११ पासून अव्याहत चालू होते. नाणे त्यांचे, टपाल त्यांचे, आगगाडी त्यांची. त्यांच्या पिवळ्या झेंड्याच्या मध्यभागी एक पांढरे वर्तुळ असे. ते म्हणजे कुलचा. पहिल्या निजामांनी एका अवलियाच्या घरी सात कुलचे खाल्ले, म्हणून त्यांचे घराणे सात पिढ्या राज्य करील, अशी दंतकथा होती. आम्ही पोरे त्यास 'भाकरीचा झेंडा' म्हणत असू, अर्थात हळू आवाजात. आमच्या बाजाराचे नावही राजाचेच! पूर्वी हा रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली इंग्रजांनी तो निजामांच्या स्वाधीन केला आणि त्याचा सुलतान बाजार झाला.

१९४८ चा पावसाळा भयाचा गेला. रझाकारांच्या कवायती आम्ही गच्चीवरून चोरून पाहत असू. वाड्यातील दोन बिऱ्हाडे सोलापुरास निघून गेली होती. ऑगस्टमध्ये 'इमरोज' दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा भर रस्त्यात खून झाला. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते निर्भयपणे लिहीत, एवढाच त्यांचा अपराध. त्या रात्री अण्णा, म्हणजे आमचे वडील, जेवले नाहीत.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. चार दिवस आम्हांस दाराबाहेर पाऊल टाकण्याची मनाई होती. शुक्रवारी अनंत चतुर्दशी आली. गणपतीचे विसर्जन अंगणातील आडातच, गाजावाजा न करता उरकावे, असे ठरले होते. आई आरतीचे ताट सिद्ध करीत होती, तोच वाड्यातील वकिलांच्या खोलीतून एकच गलका उठला. रेडिओवर निजाम बोलले होते. लढाई थांबली, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, रझाकारांवर बंदी आली, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले! अण्णांनी मूर्ती उचलली आणि इतक्या मोठ्याने 'मोरया' म्हटले, की आडातील पारवे फडफडून बाहेर पडले. अण्णांचा तसला आवाज आम्ही पुन्हा कधी ऐकला नाही.

मग आम्हांस कोण आवरणार! रस्ता माणसांनी फुलून गेला होता. तांदळाच्या डब्यांतून, ट्रंकांच्या तळांतून तिरंगी झेंडे बाहेर पडले होते. कित्येकांवर घडीच्या रेषा तशाच उमटलेल्या होत्या. मराठी, तेलुगू, कानडी, मारवाडी, ज्याला जी भाषा येई तीत तो ओरडत होता. कोणी साखर वाटीत होते, कोणी गणपतीचा उरलेला गुलाल उधळीत होते. आम्हांस कोणा अनोळखी गृहस्थाने खांद्यावर घेतले. आम्ही घसा बसेपर्यंत गांधीजींचा जयजयकार केला. अभय म्हणजे काय, हे आम्ही त्या खांद्यावर बसून प्रथम जाणले, असे आजही वाटते.

तेथेच ही आठवण संपती, तर किती बरे झाले असते! परंतु मिरवणूक गल्लीत वळली. तेथे एका वृद्ध मुसलमान जिल्दसाजाचे दुकान होते. आमच्या साऱ्या वाड्याची पुस्तके तेच बांधून देत. आमचा फाटलेला ॲटलासही त्यांच्याकडेच पडला होता. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या आणि फटीतून कंदिलाचा उजेड दिसत होता. घोषणा तेथे विनाकारण वाढल्या. कोणीतरी फळीवर थाप मारली. आम्ही खांद्यावरून खाली उतरलो, पुढे झालो आणि आमच्याही मुठींनी त्या फळ्या बडविल्या. कोणी शिकविले नव्हते, कोणी सांगितले नव्हते. आतला कंदील विझला. लोक हसले, आम्हीही हसलो आणि पुढे गेलो.

आठ-दहा दिवसांनी अण्णांनी ॲटलासची आठवण केली. आम्ही पाय ओढीत गेलो. ॲटलास बांधून तयार होता. "पन्ने गिन लो बेटा," एवढेच जिल्दसाज चाचा बोलले. चार आणे हाली त्यांनी मोजून घेतले. त्यांना आमची मूठ ठाऊक होती की नाही, हे आम्ही विचारले नाही. पुढे उस्मानाबादकडून आलेले आप्त अण्णांशी दार लावून बोलू लागले, तेव्हा खेड्यापाड्यांतून निरपराध मुसलमानांचे काय झाले ते आमच्या कानी तुटक तुटक पडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने तो सारा वृत्तांत लिहून ठेवला. बळींचा तिचा कयास २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल लोकांपुढे येण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

आणि ज्याच्या जाण्याचा एवढा उत्सव आम्ही केला, तो राजा तरी गेला होता काय? मौज अशी, की १७ सप्टेंबरनंतरही निजाम निजामच होते. कारभार जनरल चौधरी पाहत, आणि गादी जागच्या जागी होती. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आले, तेव्हा तेच राजप्रमुख झाले. शाळेत झेंडा बदलला, तसबीर राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजप्रमुखपद नष्ट झाले, म्हणजे राजा खऱ्या अर्थाने त्या दिवशी गेला म्हणावयाचे. पण त्याची आठवण सुलतान बाजारात कोणास झाल्याचे आम्हांस तरी स्मरत नाही. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच दिवशी मुंबई राज्यात गेले होते. आत्याचे नांदेड परराज्य झाले, आम्ही आंध्र प्रदेशाचे झालो, आणि आई दिवसभर गप्प होती. उरलीसुरली पदवी आणि तनखा १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेला; पण तोवर निजाम निवर्तून चार वर्षे झाली होती. १९६७ च्या फेब्रुवारीत त्यांच्या अंत्ययात्रेस लोटलेली गर्दी आम्ही पाहिली. तीत आमच्या गल्लीतील कितीतरी मंडळी होती, खांद्यावर बसून ओरडणारे आम्हीही होतो.

जिल्दसाज चाचांचे दुकान त्यापूर्वीच बंद झाले होते. त्या जागी प्रथम बांगड्यांचे आणि मग कापडाचे दुकान आले. ॲटलास मात्र आमच्यापाशी आहे. त्यात खालसा मुलूख गुलाबी आणि संस्थाने पिवळी दाखविली आहेत. मधोमध हैदराबादचा मोठा पिवळा ठिपका आहे. पाने आता हात लावला की तुटतात. जिल्द तेवढी अद्याप निखळलेली नाही.