वाढत्या अंगाचे

आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक माप असे आहे, की ते कोणत्याही फूटपट्टीवर सापडायचे नाही. ते माप म्हणजे 'वाढत्या अंगाचे'! शाळेचा सदरा, रेनकोट, सायकल, सगळे ह्याच मापाने घेतले जाते. सदरा अंगाला नीट बसू लागतो तोवर त्याचा रंग उडालेला असतो, आणि सायकलीवर पाय पुरू लागतात तोवर तिचे ब्रेक संपलेले असतात.

माझे सारे लहानपण ह्या मापात गेले. आमचे अप्पा प्राथमिक शिक्षक. जोडे घ्यायचे झाले म्हणजे ते मला वर्तमानपत्रावर उभे करीत आणि पायाभोवती पेन्सिल फिरवीत. पेन्सिल मात्र बाहेरच्या अंगाला चांगली कलती धरीत. त्यामुळे कागदावर उमटे तो पाय माझा नसे; दोन वर्षांनंतरच्या माझा असे! त्या भावी पायाचे जोडे मी पुढे कापसाचे बोळे कोंबून वापरी. असेच जोडे घालून शाळेच्या सहलीत मी कळसूबाई चढलो. चढताना काही जाणवले नाही. उतरताना मात्र कापूस चेपून गेला, प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरू लागला आणि बोटे टोकावर आपटू लागली. घरी आलो तो दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी. अप्पांनी हळद लावली, आणि जोडे उलटेसुलटे करून म्हणाले, "जोडे मात्र अजून नवेच आहेत हो!"

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या बारा वर्षांच्या मुलीने कळसूबाईचा हट्ट धरला. अकोले तालुक्यातले हे शिखर १६४६ मीटर उंचीचे, उभ्या महाराष्ट्रात सर्वांत उंच. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले; कळसूबाई आहे तेवढीच आहे. अप्पा आता ऐंशीचे. त्यांनी उत्साहाने कागद पसरला, नातीला त्यावर उभी केली, आणि पेन्सिल सवयीने कलली.

"आजोबा, पेन्सिल सरळ धरा ना!"

"अगं, पुढच्या वर्षी पाय वाढेल तुझा."

"पण डोंगर ह्या वर्षी चढायचा आहे!"

ह्या वादात भर पडली ती माझ्या पुतण्याची. तो अमेरिकेत कोलोरॅडोला असतो आणि हिवाळ्यात पायांना स्की बांधून रानातल्या बर्फात हिंडतो. तिथे वर न्यायला दोरावरचा पाळणा नसतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची. तिचे केस मागे कललेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. असे पायांनीच वर जायचे, पट्टी सोलून काढायची आणि मग घसरत खाली यायचे. त्याला मी फोनवर विचारले, "तुझ्या ह्या फळ्यांचे माप कसे घेतात रे?"

"उभी धरून, काका. नवशिक्याला हनुवटीपर्यंतची, तरबेजाला कपाळापर्यंतची किंवा त्याहून लांब. लांब स्की वेगात स्थिर राहते, पण वळायला अवघड. आखूड चटकन वळते. रुंद असली तर मऊ बर्फात रुतत नाही, पण चढताना तिचेच ओझे होते. म्हणून उंची, वजन आणि आपल्याला येते किती, हे तिन्ही खरेखरे सांगावे लागते. दुकानात फुशारकी मारली, तर ती डोंगरावर उघडी पडते."

"आणि पोरांना वाढत्या अंगाची घेतात का?"

तो मोठ्याने हसला. "आईबाप सगळीकडे सारखेच, काका! पण लांब स्की वळता वळत नाही, पोर घाबरते. आणि एकदा घाबरलेले पोर पुन्हा बर्फावर जायला तयार होत नाही."

आम्ही नगरच्या कापडबाजाराकडे निघालो ते मुद्दाम संध्याकाळी. दिवसभराने पाय जरा फुगतो, आणि डोंगरावरही तो फुगणारच. जाड मोजे बरोबर घेतले. आपले दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. जोडा मोठ्या पायाला बघावा. नाडी आवळल्यावर टाच आत उचलता कामा नये, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ही जागा वाढीसाठी नव्हे, उतारासाठी! दुकानाच्या पायऱ्या मी मुलीला पाच वेळा उतरायला लावल्या. दुकानदाराने हिमालयातही चालतील असे भारी बूट पुढे केले. पण आम्हांला जायचे होते बारी गावाला. आणि जड बुटाचे वजन दर पावलाला उचलायचे होते ते तिने. आम्ही हलके, पण खोल खाचांच्या रबरी तळव्याचे जोडे घेतले. ह्या खाचांमागे एक दुःख आहे. १९३५ साली विताले ब्रामानी ह्या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती आल्प्समध्ये मृत्यू पावले. त्यांची पादत्राणे त्या हवेत, त्या कातळावर टिकणारी नव्हती. त्यानंतर ब्रामानीने असा रबरी तळवा तयार केला.

इंग्रजी मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा. मुळात जवाचा एक दाणा. आपल्या जुन्या मापांतही आठ यवांचे एक अंगुळ होते. आमच्या घरातला आजा-नातीचा तंटा अशा एका दाण्याचा होता!

बारीहून पहाटे निघालो. लोखंडी शिड्यांवर गावातली एक बाई डोक्यावर सामान घेऊन, पायांत साध्या चपला घालून आमच्या पुढे गेली. तिच्या पावलांना तो डोंगर लहानपणापासून पाठ. आपण तिचे कौतुक करावे, नक्कल करू नये. वर देवीचे दर्शन घेतले. उतरताना मी दृश्य पाहिलेच नाही, मुलीचे पाय पाहत होतो. खाली आल्यावर तिने जोडे काढले. मी दहाही नखे मोजली. गुलाबी!

अप्पांना हसणे सोपे आहे. एका पगारात चार पोरांचे पाय झाकायचे होते. त्या कलत्या पेन्सिलीत काटकसर होती, तशी पोरे वाढतील ही आशाही होती. आम्हांला आज तेवढी ओढ नाही, तरी पेन्सिल आम्ही सरळ धरीत नाही. सातवीतल्या पोराला बारावीनंतरच्या परीक्षेच्या शिकवणीत घालतो. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोनचार मुले येतात. सपाटीवर ती व्यवस्थित चालतात. पहिला उतार लागला की आतून ठेचकाळतात. त्या जोड्यांत कापूस कोंबायचीही सोय नसते.

ह्या दिवाळीला ते जोडे मुलीला होईनात. आता अप्पा 'मी म्हणालो नव्हतो?' असे म्हणणार, म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी जोडा हातात घेतला, तळव्याच्या खाचांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "ताईच्या धाकटीला बसतील बघ. हिला नवे आण."

मग नातीकडे पाहत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एवढी वाढली होय गं तू!"