रूट पुसलं, होम राखलं

माझ्या लॅपटॉपवर 2019 साली टाकलेलं डेबियन लिनक्स 10, म्हणजे ‘बस्टर’, चार वर्षं बिनतक्रार चाललं. मधलं 11, ‘बुल्सआय’, मी आळसात घालवलं. जून 2023 मध्ये 12, ‘बुकवर्म’, आलं आणि मी जागा झालो. डेबियनमध्ये पायरी गाळून चढता येत नाही. आधी अकरा, मगच बारा. अकराला सुरक्षा-अपडेटच्या सोर्सची ओळ बदललेली, बाराला फर्मवेअरचा विभाग वेगळा झालेला. शिवाय हौसेपायी मी जोडलेले बाहेरचे चार सोर्स. गुंता माझाच होता. तो सोडवण्यापेक्षा सगळं नव्याने टाकायचं ठरवलं.

आधी ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ चालवून आपण मुद्दाम टाकलेल्या पॅकेजेसची यादी काढली. निम्म्या नावांची ओळखच पटेना. हवी तेवढी वहीत उतरवली. सिस्टिमच्या सेटिंगचं ‘ईटीसी’ फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, माझ्या फायलींच्या ‘होम’ची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. होमचं पार्टिशन मी 2019 मध्येच वेगळं ठेवलं होतं; तेवढंच एक शहाणपण.

इन्स्टॉलर सुरू झाला. 2019 मध्ये वायफायचं फर्मवेअर वेगळं शोधून आणावं लागलं होतं. बुकवर्मच्या इमेजमध्येच ते असल्याने नेटवर्क लगेच दिसलं. पार्टिशनच्या पडद्यावर मात्र हात थबकला. रूट फॉरमॅट करायचं, होम जोडायचं पण फॉरमॅट करायचं नाही. दोन्ही ओळी तीनदा वाचल्या, मगच एंटर दाबलं.

तासाभरात लॉगिन झालं. युजरचं नाव तेच ठेवलं होतं. पहिल्या युजरचा क्रमांक डेबियन 1000 देतं, जुनाही तोच, म्हणून फायली माझ्याच राहिल्या. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावला, फॉन्ट टाकले. आणि पाहतो तर खालच्या पट्टीतलं घड्याळ पूर्वीसारखंच अर्धं कापलेलं! होममधल्या टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या सेटिंगच्या फायलींनी ते सोबत आणलं होतं. कोरी म्हणवणारी सिस्टिमही तेवढी कोरी नव्हती.

खरी चूक दोन आठवड्यांनी उघड झाली. दर रविवारी रात्री माझं लेखन बाहेरच्या डिस्कवर आपोआप जात असे. तिथली शेवटची तारीख पुसण्याआधीच्या रविवारची होती. हे काम करणाऱ्या क्रॉनची फाइल असते ‘व्हार’मध्ये, मी राखलं होतं होम आणि ईटीसी. चार वर्षं त्या फाइलीतली ओळ मुकाट्याने राबली, म्हणून वहीत उतरवायचं सुचलंच नाही.

नुकसान काही झालं नाही. लेखन होममध्ये शाबूत होतं. पण आता तिथे एक साधी मजकूर-फाइल ठेवली आहे. सिस्टिममध्ये काही बदललं की आधी तिच्यात तारीख आणि कारण. पहिली नोंद अर्थातच क्रॉनची.